दार नसलेल्यांची तलफ : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी सोमाटणे, रसायनी, आपटा करीत जित्याला येते. स्टेशन लहान, तालुका पेण. पुढचे हमरापूर गणपतीच्या मूर्तींमुळे सर्वांना ठाऊक आहे. जित्याला मुद्दाम उतरणारे थोडे. तरीही या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्याला मी इथे उतरवणार आहे. बेघर माणूस आणि त्याची विडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दादरच्या पुलाखालचा किंवा फलाटाच्या टोकाला कांबळे पांघरून बसलेला एकटा पुरुष येतो. तो आहेच, आणि त्याच्याकडे आपण येणार आहोत. पण महाराष्ट्रातल्या बेघरपणाचा मोठा भाग एकटा नसतो, कुटुंबासकट असतो, आणि तो वर्षाच्या ठरावीक महिन्यांत येतो आणि जातो.

दिवाळी उरकली की रायगडच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबे बाहेर पडू लागतात. डोक्यावर बोचके, हातात पातेली, कडेवर मूल, एखादी कोंबडी. पुरुषाच्या खिशात विडीचे बंडल, बाईच्या कनवटीला मशेरीची डबी. पेण, पनवेल, खालापूर, कर्जत भागातल्या वीटभट्ट्या, त्याहून दूरच्या कोळसाभट्ट्या ही त्यांची पुढच्या सहा-सात महिन्यांची वस्ती. भट्टीच्या शेटकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडायची. राहायला भोंगा : कच्च्या विटा एकमेकींवर रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती, वर पेंढा, ताडपत्री किंवा प्लास्टिक. वाकून आत शिरायचे आणि आत बसूनच राहायचे. दार असे नसतेच. फार तर पोत्याचा पडदा.

कातकरी हे नावच तंबाखूच्या शेजारून आलेले आहे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७८ च्या जंगल कायद्यानंतर, जंगल सरकारी होत गेले, खैरावरचा हात सुटला आणि ही माणसे कोळसा पाडणे, लाकूड तोडणे, विटा थापणे अशा कामांकडे ढकलली गेली. त्यांचा कात विड्याच्या पानात गेला आणि पुढे गुटख्याच्या पुडीतही कातच पडला. आज केंद्र सरकारच्या लेखी महाराष्ट्रात तीन आदिम जमाती आहेत, त्यांतली ही एक. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक भरली. त्यांच्यापैकी कित्येकजण ज्या जमिनीवर झोपडी बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहिले ती जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांच्या हक्कांवर केलेले काम २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आले. बाहेरगावच्या माणसाने जमीन विकत घेतली, कुंपण घातले, की वाडीचे काय होते, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी ते वाचावे. तेव्हा वाडीवर असतानाही घर पायाखालून सरकेल ही धास्ती असते, आणि भट्टीवर तर घर नसतेच.

मग हे बेघर की नाहीत? या क्षेत्रात आलेल्याला पहिल्याच दिवशी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो वाटतो तितका शब्दांचा खेळ नाही. जनगणनेची व्याख्या रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांना बेघर मानते. २०११ साली त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. देशभरात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. फेब्रुवारीची रात्र म्हणजे वीटभट्ट्यांचा भर हंगाम. त्या रात्री भोंग्यात झोपलेल्यांपैकी कोण ‘घरात’ मोजला गेला आणि कोण ‘बाहेर’, हे गणकाला त्या रचलेल्या विटा घरासारख्या वाटल्या की नाही यावर ठरले असणार. ऊसतोडीची कोपी, भटक्यांचे पाल, पुलाच्या कामावरची पत्र्याची खोली : सगळे या सीमेवरचे. इथे व्याख्या सैल ठेवावी असे माझे मत आहे. झोपायची जागा आपल्या मर्जीची नाही, उद्या उठवले तर उठावे लागेल, आणि टपालाला, डॉक्टरला, मोजणाऱ्याला सांगता येईल असा पत्ता नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की तंबाखूच्या अभ्यासापुरता तो माणूस बेघर धरावा.

पत्त्याचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढणार आहे, कारण आपल्याकडचे तंबाखूविषयीचे सगळे उत्तम ज्ञान दार ठोठावून मिळालेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगाव घरोघर जाऊन तोंडे तपासली. फली मेहता, पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता या मंडळींचे ते काम. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे पांढरे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला संबंध त्यांनी १९७२ मध्ये मांडला. मशेरी हा शब्द जागतिक वैद्यकीय साहित्यात रुजला तो मुख्यतः अशा कामातून. पुढे १९९० च्या दशकात मुंबईत जवळपास दीड लाख माणसांचा मागोवा सुरू झाला. ती माणसे मतदारयाद्यांतून निवडलेली. भारतातल्या धूम्रपानाने किती मृत्यू होतात याचा २००८ चा मोठा अभ्यास प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी ११ लाख घरांच्या नमुन्यावर उभा केला. विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षे आणि विडी ओढणारी बाई आठ वर्षे आयुष्य गमावते, हे आपल्याला त्यातून कळले. आणि ज्या जागतिक सर्वेक्षणाचे आकडे प्रत्येक भाषणात येतात तेही कुटुंबांच्या यादीवरच चालते : २००९-१० मध्ये महाराष्ट्रातल्या ३१.४ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय होती, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांना.

या कामांचा मी मनापासून आदर करते. त्यांच्याशिवाय आपण अंधारात असतो. पण घर हाच मोजणीचा आरंभबिंदू धरला की घर नसलेला माणूस पहिल्याच पायरीवर गळतो, आणि त्याच्या गळण्याची नोंदही राहत नाही. महाराष्ट्रात जवळपास पाच टक्केबिंदूंनी घट झाली, ही आनंदाची गोष्ट. ती घट भोंग्यापर्यंत पोचली का, या साध्या प्रश्नाला उत्तर देण्याची सोय त्या सर्वेक्षणाच्या रचनेतच नाही. आपले क्षेत्र या जागेतून सुरू होते.

बाहेरच्या देशांत ते सुरू होऊन काही दशके झाली आहेत. अमेरिकेतल्या बेघर प्रौढांपैकी साधारण तीनचतुर्थांश धूम्रपान करतात असे तिथले अंदाज सांगतात; एकूण लोकसंख्येच्या कैक पट. बॉस्टनमध्ये बेघरांसाठी चालणाऱ्या आरोग्यसेवेतून ट्रॅव्हिस बॅगेट यांनी मृत्यूंचा हिशोब मांडला, तेव्हा थंडी, मारामारी, अमली पदार्थ यांच्या जोडीला तंबाखूने होणारे कर्करोग आणि हृदयविकार ठळकपणे पुढे आले. तोवर वैद्यकातला आणि सेवाभावी संस्थांतला समज असा होता की ज्याला जेवण नाही, छप्पर नाही, त्याच्या विडीकडे बघायला सवड कुणाला. शिवाय ‘यांना सोडायचीच नसते’ हेही सगळे धरून चालत. विचारून पाहिले तेव्हा बहुतेकांनी सोडण्याची इच्छा सांगितली, आणि अनेकांनी आधी प्रयत्नही केलेले निघाले. मागे पडत होते ते यश.

यश किती मागे पडते याचा एक प्रामाणिक पुरावा मिनेसोटातला आहे. कोलावोले ओकुयेमी यांच्या चमूने ४३० बेघर धूम्रपानकर्त्यांना निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. अर्ध्यांना नेहमीचा सल्ला आणि अर्ध्यांना मन वळवणाऱ्या संवादाच्या अनेक बैठका. सव्वीस आठवड्यांनी पहिल्या गटात ५.६ टक्के आणि दुसऱ्यात ९.३ टक्के जण तंबाखूपासून दूर होते. फरक दिसतो, पण तो योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका मोठा नाही. २०२० मध्ये कोक्रेन संस्थेने जगभरचे असे प्रयोग एकत्र केले तर दहाच सापडले, माणसे १,६३४. निष्कर्ष सावध होता : अधिक सघन मदतीचा थोडा फायदा होत असावा, पण पुरावा कच्चा आहे. नव्या अभ्यासकाने या आकड्यांनी खचू नये. शंभरातल्या नऊ जणांनी फलाटावर, निवाऱ्यात, रस्त्यावर राहत असताना सिगारेट सोडली, हे मला थोडे वाटत नाही.

या प्रयोगांच्या आधीच्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नव्वदीच्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीने सान फ्रान्सिस्कोत एक विक्री-योजना आखली. तिच्या लक्ष्यांत समलिंगी पुरुष होते आणि बेघर होते. योजनेच्या नावाची आद्याक्षरे जोडली की इंग्रजीत ‘गाळ’, ‘हीन माणूस’ या अर्थाचा शब्द तयार होत होता. खटल्यांतून कंपनीची कागदपत्रे उघडी पडली तेव्हा हे जगाला कळले. वैद्यकाने, सरकारने, संशोधनाने ज्यांना यादीतून वगळले होते त्यांना सिगारेटच्या व्यापाऱ्याने आधीच आपल्या यादीत घातले होते.

आपल्याकडे परत येऊ, कारण परदेशातली चौकट इथे जशीच्या तशी बसत नाही. तिथे प्रश्न धुराचा आहे, इथे धुरापेक्षा जास्त तोंडातल्या चिमटीचा. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. गायछापची पुडी, चुन्याची डबी, तळहातावर मळून दोन टाळ्या देऊन लावलेला बार, तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी, तपकीर, गुटखा. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, आणि २०१२ पासून बंदी पुन्हा आहे. पुड्या मिळतात, हे टपरीसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. विडीचे तर या भागाशी जुने नाते आहे. जित्याच्या अलीकडचे स्टेशन आपटा. दसऱ्याला सोने म्हणून लुटतो त्या आपट्याच्या पानातही विडी वळली जाते, टेंभुर्णीच्या पानाइतकी सर्रास नसली तरी. आणि खुद्द तंबाखू या किनाऱ्याला नवखी नाही. पोर्तुगिजांबरोबर ती दक्षिणेत आली, विजापूरहून अकबराच्या दरबारात पोचली ती सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याच काळात चौल-रेवदंड्याला पोर्तुगिजांचे ठाणे होते.

तंबाखूची रूपे अशी अनेक, म्हणून इथे प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागते. भट्टीवरच्या बाईला ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणते आणि खोटे बोलत नाही. ‘मशेरी लावता का?’ म्हटले की ‘ती तर लावतेच, त्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही.’ तिच्या लेखी ते दात घासणे आहे. सकाळी, विटांचा चिखल तुडवण्याआधी, मग दुपारी, मग रात्री पुन्हा. ‘दात दिवसातून कितीदा घासता?’ हा प्रश्न तंबाखूच्या प्रश्नावलीत असायला हवा, हे कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

मोजमापाची साधनेही अशीच तपासून घ्यावी लागतात, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. निकोटिनवर शरीर किती अवलंबून आहे हे पाहण्यासाठी जगभर फागरस्ट्रॉम यांची चाचणी वापरतात. तिच्यात एक प्रश्न आहे : जिथे मनाई आहे अशा ठिकाणी, म्हणजे प्रार्थनास्थळ, ग्रंथालय, चित्रपटगृह, स्वतःला रोखणे जड जाते का? जो माणूस महिनोन्‌महिने उघड्यावर असतो त्याच्या दिवसात अशी ठिकाणे येतच नाहीत. उलट पनवेलच्या फलाटावर झोपणाऱ्याचे सगळे आयुष्य मनाईच्या हद्दीत जाते. २ ऑक्टोबर २००८ पासून रेल्वे स्टेशन हे धूम्रपानाला बंदी असलेले सार्वजनिक ठिकाण आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. ज्याला खासगी जागाच नाही त्याने हा कायदा पाळायचा कसा, याचा विचार कायदा करताना झाला नसावा. दुसरा प्रश्न : दिवसाला किती? बंडल विकत घेणारा एक, ओढणारे चार; अर्धी ओढून विझवलेली कानावर ठेवायची; रस्त्यावरचा माणूस दुसऱ्यांची थोटकेही वेचतो. २०२० च्या सप्टेंबरात राज्याने सुट्या सिगारेटी-विड्या विकायला बंदी केली, पण एकमेकांत वाटण्याची सवय दुकानदारावर अवलंबून नाही. क्षयाच्या मुलखात एक विडी चार तोंडांतून फिरते याचे महत्त्व डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. धूम्रपानाने क्षयाचा धोका साधारण दुपटीने वाढतो हे त्यांना माहीत असते.

तिसरी अडचण यंत्राची. माणसाने खरोखर सोडली का हे पडताळायला त्याच्या उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. सोपे, स्वस्त, सुईविना होणारे. पण वीटभट्टी पेटलेली आहे, चूल भोंग्याच्या तोंडाशी आहे, कोळसाभट्टीवर तर धूर हाच हवेचा रंग आहे. महिनाभर विडीला न शिवलेला माणूसही यंत्रात धूम्रपान करणारा ठरू शकतो. थुंकीतले कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणारे द्रव्य, मोजावे तर मशेरीनेही ते येते आणि निकोटिनच्या गोळीनेही. म्हणजे ज्याने विडी सोडून वैद्यकीय च्युइंगमवर दिवस काढले त्याला यंत्र शाबासकी देऊ शकत नाही. या अडचणीवर कुणीतरी तरुण संशोधकाने चांगला मार्ग काढावा, असे मला फार वाटते. तोवर माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून, त्याच्या जोडीदाराला विचारून, पुन्हा पुन्हा भेटून जे कळेल त्यालाच पुरावा मानावे लागेल.

आता मुख्य गोष्ट. तंबाखू ही माणसे का खातात, या प्रश्नाचे उत्तर ‘व्यसन’ या एका शब्दात दिले की अभ्यास तिथेच थांबतो. मराठीत हा शब्द जड आहे. संस्कृतातून येताना त्याने ‘संकट’ आणि ‘दोष’ असे दोन्ही अर्थ आणले आणि आपण व्यवहारात दुसराच ठेवला. ‘निर्व्यसनी’ ही लग्नाच्या जाहिरातीतली पात्रता झाली. व्यसनमुक्तीच्या चळवळीने दारूशी झुंजताना मोठे काम केले, पण तिची भाषा पश्चात्तापाची आहे. भट्टीवर ऐकू येणारा शब्द आहे ‘तलफ’. तलफ येते, तलफ भागवतात. त्यात दोष नाही, शरीराची हाक आहे. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागतो. हे वर्णन ‘तलफ’ या शब्दाशी चांगले जुळते. मी या क्षेत्रासाठी तोच शब्द सुचवते.

ही तलफ काय काय काम करते ते पाहा. मध्यरात्र उलटली की विटा थापायला उठायचे, कारण उन्हाआधी काम उरकते. तंबाखू जाग आणते. जेवण दुपारी उशिरा. तंबाखू भूक दाबते, आणि हे शरीरशास्त्राने सिद्ध झालेले आहे. काम अंगावर घेतलेले, हजार विटांमागे मोबदला. मध्ये थांबायला कारण लागते. चहाला पैसे पडतात, विडी ओढायला बसले तर मुकादमही काही बोलत नाही. बाजारच्या दिवशी शेट आठवड्याची खर्ची देतो; तिच्यात तांदूळ, तेल, मीठ-मिरची आणि तंबाखू एका दमात येतात, तंबाखू चैनीच्या खात्यात जात नाही. आणि अनोळखी माणसापाशी बोलायला सुरुवात ‘तंबाखू आहे का?’ अशी होते. ज्याच्याकडे पाहुण्याला बसायला घोंगडी घालायची ओसरी नाही, त्याच्याकडे पाहुणचाराला चिमूटभर तंबाखू आहे. पुलाखालच्या माणसाशी रात्रीच्या पहाऱ्यावरचा माणूस ज्या एका गोष्टीमुळे बोलतो ती पुष्कळदा विडी असते. सोडायला सांगणे म्हणजे घराने करायची कितीतरी कामे ज्या एका वस्तूवर आली आहेत ती काढून घ्यायला सांगणे. हे ओझे नीट मोजल्याशिवाय दिलेला सल्ला पोचत नाही. अमेरिकेत कायमचे घर मिळालेल्या पूर्वीच्या बेघरांतही धूम्रपान फारसे कमी झालेले दिसत नाही, हेही इथेच नोंदवते. घर मिळाले की तलफ आपोआप सुटते असे नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून आदिम जमातींना पक्की घरे मिळू लागली आहेत. त्या घरांत तंबाखूचे काय होते, हा आपल्यापुढे आयता उभा असलेला अभ्यासविषय आहे.

मदतीची व्यवस्था देशात नाही असे मुळीच नाही. २००२ च्या सुमारास १३ तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली, २००७-०८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, २०१६ पासून १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये निकोटिनचे पर्यायी उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. पण प्रत्येक पायरी कशावर उभी आहे ते पाहा. दूरध्वनी सेवेला चार्ज केलेला फोन आणि पुन्हा फोन येईल तेव्हा तोच हातात असणारा माणूस लागतो. च्युइंगमला चावण्याजोगे दात लागतात, आणि थोडे चावून गालात दाबून ठेवायचे असते हे कुणीतरी समोर बसून दाखवावे लागते. केंद्राला जायला प्रवास लागतो. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे जित्याहून जाऊन-येऊन एक दिवसाची मजुरी बुडाली. समुपदेशक पाच टप्पे शिकतात : विचारणे, सांगणे, तयारी पाहणे, मदत करणे, पुन्हा भेटीची सोय करणे. पहिले चार कुठेही होतात. पाचव्याला पत्ता लागतो. आणि पहिले दोन-तीन दिवस तलफेचा जोर सर्वाधिक असतो, पुढचे दोन-चार आठवडे पुन्हा घसरण्याचे, म्हणजे पाचवा टप्पाच सर्वांत मोलाचा.

यावरचा मार्ग आपल्याच मातीत एकदा शोधला गेला आहे, शिक्षणाच्या क्षेत्रात. वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा भोंग्याशेजारच्या भोंग्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्याच विचाराने. तंबाखूमुक्तीच्या कामात याला समांतर असे काही उभे राहिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते : बाजारच्या दिवशी, खर्ची वाटली जाते तिथे, आठवड्याला एकदा येणारी तीच ती ओळखीची व्यक्ती. केरळ, गुजरात, आंध्रातल्या गावांत ३६ हजारांवर तंबाखूसेवकांबरोबर वर्षानुवर्षे असेच घरोघर जाऊन केलेल्या कामाचे निष्कर्ष १९८६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आले. साध्या, चिकाटीच्या समजावणीने लोकांनी तंबाखू सोडली आणि तोंडातले पांढरे चट्टे कमी उद्भवले. गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमाने गावाने एकत्र ठरवण्याची ताकद दाखवली आहे. भट्टीवर गाव नसते, पण टोळी असते. एकाच वाडीवरून आलेली, एकाच मुकादमाची. ठरवायचे तर त्या टोळीने.

संशोधनाच्या नीतीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे चांगल्या मनाची माणसेही चुकतात. मुलाखत भट्टीवर घ्यायची तर शेटची परवानगी लागते, आणि शेटने ‘बोल रे’ म्हटल्यावर उचल घेतलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. ती संमती नव्हे. भेट वाडीवर, पावसाळ्यात, त्याच्या वेळेने व्हावी. दुसरी गोष्ट साधी पण टोचणारी : बोलते करण्यासाठी संशोधकाने विडी पुढे करायची का? जुन्या क्षेत्रकार्याच्या रिवाजात हे चालत आले. मी म्हणते, करू नये; आणि समोरच्याने चिमूट पुढे केली तर नकार कसा द्यायचा हे आधी शिकून जावे. ‘मला चालत नाही, पण बसते तुझ्यापाशी’ एवढे पुरते.

शहरातल्या बेघरासाठी एक खुंटी तरी कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० नंतरच्या आदेशांमुळे आणि २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानामुळे दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांच्या कायम निवाऱ्याचा नियम झाला. असा निवारा जिथे चालतो तिथे रात्री तीच माणसे परत येतात, म्हणजे पाचवा टप्पा शक्य होतो. गावाकडच्या हंगामी बेघराला असा निवारा नाही. त्याच्यासाठी आपल्याला जागेऐवजी वेळ धरावी लागेल.

ती वेळ मी सांगते आणि ही प्रस्तावना संपवते. अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे भट्ट्या विझू लागतात. मृगाआधी कुटुंबे वाडीवर परततात, छप्पर शाकारतात, भातलावणीच्या मजुरीला लागतात. पुढचे चार महिने प्रत्येकजण कुठे सापडेल हे वाडीतल्या पोरालाही सांगता येते. हातात पैसे नसतात, तंबाखू उधारीवर येते किंवा येत नाही, आणि याच महिन्यांत कित्येकजण नाइलाजाने कमी करतात. श्रावण-भाद्रपदात उचल वाटली जायच्या आधी सोडण्याची तारीख धरली तर पहिले दोन-तीन कठीण दिवस आणि त्यानंतरचे दोन-चार आठवडे वाडीवर, ओळखीच्यांत जातात. हमरापुरातले गणपती तोवर ट्रकांत चढलेले असतात, आशा कार्यकर्ती वाडीवर असते, आणि दिवाळीनंतरच्या गाडीला अजून अवकाश असतो.